जुन्या इमारतीत एसी बसवायचाय? आधी पाणी कुठे जाणार ते सांगा

"मॅडम, बाराशे स्क्वेअर फूट ऑफिस आहे, किती टन लागेल?" असा फोन आला की मी उलट विचारते, "टॉयलेट कुठल्या कोपऱ्यात आहे?" समोरचा माणूस गडबडतो. त्याला टन हवे असतात आणि मी संडास विचारत असते.

पण जुन्या इमारतीत कामाची सुरुवात तिथूनच होते. नव्या बांधकामात आर्किटेक्ट शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठी उभी पोकळी, सोडतो, गच्चीवर जागा ठेवतो, मजल्याची उंची आधी ठरते. आपण उष्णतेचा हिशोब करून मशीन निवडायचं. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या इमारतीत हे सगळं कधीच ठरून गेलेलं असतं, आणि तुमचा विचार करून तर नक्कीच ठरलेलं नसतं. मशीन कुठे बसेल हे तिथे ड्रेन, बीम, गच्ची आणि मीटर केबिन ठरवतात. टन शेवटी येतात. नुकत्याच डिझाइनला लागलेल्या मुलामुलींना मी कामाचा क्रम असाच शिकवते: पाणी, उंची, वजन, हवा, वीज, आणि मग टन.

नकाशा बाजूला ठेवा

मंजूर नकाशा जरूर मागवा, पण त्यावरून डिझाइन करू नका. त्यात ४५० मिमीचा बीम दाखवलेला असतो आणि प्रत्यक्षात ६०० चा निघतो. मध्ये कुणीतरी भिंत पाडलेली असते, बाल्कनी आत घेतलेली असते, लॉफ्ट टाकलेला असतो. सर्व्हेला जाताना शिडी, टॉर्च, लेझर मीटर, टेप, खडू, छोटा हातोडा आणि मास्क एवढं न्या. फॉल्स सीलिंग असेल तर दोन टाइल्स सरकवून आत डोकावल्याने भागत नाही. प्रत्येक बीमच्या दोन्ही बाजूंना उघडून बघा.

पहिलं काम म्हणजे सगळ्या भिंतींवर फिरवून एक मीटरची आडवी रेष मारणं. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी चालते. त्यानंतरची सगळी मापं त्या रेषेपासून वर घ्यायची, जमिनीपासून नाही. जुन्या इमारतीची जमीन सपाट नसते. गिरगाव-काळबादेवीच्या लाकडी तुळयांच्या इमारतींत तर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सर्रास मिळतो. डोळ्यांना तो कळत नाही, पण तुमच्या ड्रेनचा अख्खा उतार तो खाऊन टाकतो.

दुसरं काम म्हणजे इमारत कशाची आहे ते ओळखणं. स्वातंत्र्यापूर्वीच्या इमारतींत जाड भिंतींवर लाकडी तुळया, किंवा लोखंडी जॉइस्टच्या मधोमध विटांच्या कमानी, म्हणजे जॅक आर्च. साठच्या दशकापासून पुढे बहुतेक आरसीसी. अलीकडच्या काही ऑफिस इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात, त्यांत ताणलेल्या केबल असतात आणि स्कॅन केल्याशिवाय तिथे ड्रिलची पिनसुद्धा टेकवायची नाही. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात पडलेला असतो. सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि वाचा. कुठला कॉलम आजारी आहे ते त्यात फुकट लिहिलेलं असतं.

तिसरं काम चहा पिण्याचं. त्या इमारतीत वर्षानुवर्षं काम करणारा प्लंबर शोधा आणि त्याच्याबरोबर प्या. भिंतीतला पाइप कुठून कुठे गेलाय, कुठला सांडपाण्याचा पाइप बंद पडलाय, पावसात कुठे पाणी भरतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता ते पाणी

एसी हवेतला ओलावा काढतो आणि त्याचं पाणी होतं. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर तापमान ३० अंश आणि ओल्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या) थर्मामीटरचं साडेसत्तावीस असताना, एक किलो हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. आत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता ठेवायची तर १०-११ ग्रॅम. मध्यम ऑफिसला ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताजी हवा दिली तर तेवढ्या हवेतूनच तासाला १० लिटरच्या वर पाणी निघतं. दहा तासांत पाच बादल्या. त्या पाण्याला घरंगळत जायला वाट द्यायची आहे, आणि पाणी चढ चढत नाही.

एक खरंखुरं मोजमाप देते, या पद्धतीच्या १९७०-८० मधल्या इमारती दादरपासून डोंबिवलीपर्यंत शेकड्याने आहेत. मजल्यापासून मजला ३.०५ मीटर. वरच्या मजल्याची फरशी आणि कोबा मिळून ५० मिमी, स्लॅब १२५, बीम स्लॅबसकट ४५०. म्हणजे स्लॅबचा तळ जमिनीपासून २.८७५ मीटरवर आणि बीमचा तळ २.५५ वर. वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंग किंवा डक्टचा (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळकांड्याचा) सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किमान २.४ मीटरवर हवा, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. बीमखाली उरले १५० मिमी.

या १५० मध्ये ड्रेन बसवून बघू. २५ मिमीचा पाइप, त्यावर नायट्राइल रबरचं इन्सुलेशन (पावसाळ्यात ड्रेनच्या पाइपलाही घाम येतो, ते टाळू नका), बाहेरचं माप ६० मिमी धरा. उतारासाठी उरले ९० मिमी. मीटरला १ सेंटिमीटर हा कमीत कमी उतार, म्हणजे पाइप ९ मीटर जाऊ शकतो. छान, असं वाटतं. मग ट्रॅप आठवतो, म्हणजे पाइपाचा तो वाकडा भाग ज्यात थोडं पाणी कायम साठून हवा अडवतं.

डक्टेबल युनिटमध्ये (सीलिंगवर लपवून डक्टने हवा देणाऱ्या मशीनमध्ये) पंखा थंड कॉइलच्या मागून हवा ओढतो, त्यामुळे पाण्याच्या ट्रेमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. ट्रॅप नसेल तर पंखा पाइपमधूनच हवा ओढतो आणि पाणी ट्रेमध्येच थांबतं. पंखा बंद केला की सगळं एकदम वाहून जातं, त्यामुळे तक्रार बघायला आलेल्या मेकॅनिकला ड्रेन ठणठणीत वाटतो. ट्रेमधला ऋण दाब पाण्याच्या २० मिमी उंचीएवढा असेल, तर ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत २० अधिक सुरक्षेसाठी २५, म्हणजे ४५ मिमी खाली यावं लागतं. आपल्या ९० मधले ४५ गेले. उरला उतार साडेचार मीटरचा.

म्हणजे या इमारतीत इनडोअर युनिट टॉयलेटच्या किंवा पँट्रीच्या नहाणीपासून साडेचार मीटरच्या आत हवं. ऑफिस कितीही मोठं असलं, साहेबांची केबिन कितीही लांब असली, तरी. म्हणून मी आधी प्लॅनवर प्रत्येक ड्रेनच्या तोंडाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढते. मशीन त्या वर्तुळांतच बसतात. वर्तुळाबाहेरच्या खोल्यांपर्यंत थंड हवा न्यायची, किंवा तिथे बाहेरच्या भिंतीवर हायवॉल (भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट) लावायचा आणि त्याचं पाणी लगेच बाहेर काढायचं.

त्यातली सर्वांत सोयीची जागा म्हणजे टॉयलेटच्या किंवा पँट्रीच्या वरचा लॉफ्ट. पाणी तिथल्या तिथे उतरतं, मशीनचा आवाज खोलीत येत नाही, सर्व्हिसला मेकॅनिक साहेबांच्या टेबलावर चढत नाही. फक्त एक गोष्ट कटाक्षाने करा: परत येणारी हवा ऑफिसमधूनच बंद डक्टने मशीनला आणा. लॉफ्ट नुसता उघडा ठेवून 'रिटर्न तिथूनच घेईल' म्हणाल, तर संडासाची हवा थंड करून सगळ्या ऑफिसला वाटाल.

ड्रेनचं शेवटचं टोक मैलापाण्याच्या पाइपात थेट खुपसू नका. पाणी असलेल्या नहाणी ट्रॅपच्या वर दोन इंच हवेचं अंतर सोडून पाडा. खिडकीतून बाहेर खालच्या मजल्यावाल्याच्या छज्जावर सोडणं हा तर सोसायटीतल्या भांडणाचा हमखास मार्ग आहे. काहीजण म्हणतील, ड्रेन पंप लावला की प्रश्न मिटला. सीलिंगमध्ये बसणाऱ्या चौकोनी कॅसेट युनिटमध्ये तो आतच असतो आणि पाणी अर्ध्या मीटरच्या वर उचलतो, खरं आहे. पण पंप हे आणखी एक बिघडणारं यंत्र. दुसरा मार्गच नसेल तेव्हाच वापरा, आणि पाणी वर चढलं की मशीन बंद करणारा फ्लोट स्विच वायरिंगमध्ये खरोखर जोडलाय का ते स्वतः बघा. अनेक ठिकाणी त्याच्या दोन वायरी नुसत्या एकमेकींना पिळून ठेवलेल्या असतात.

डक्ट बीमला समांतर, पाइप बीमला आडवा

पाच टनाच्या डक्टेबलला टनाला ४०० प्रमाणे २,००० सीएफएम हवा. मिनिटाला १,००० फूट वेगाने न्यायची तर २ चौरस फूट, म्हणजे २४ बाय १२ इंचांचा डक्ट. आता त्याची खरी उंची मोजा. डक्ट ३०० मिमी, वर-खाली इन्सुलेशन मिळून ५०, फ्लँज आणि हँगरचा अँगल ५०, खाली फॉल्स सीलिंगची फ्रेम आणि दिव्याची खोली ७५. झाले ४७५ मिमी. आपल्या इमारतीत दोन बीमच्या मधल्या खणात स्लॅबपासून २.४ मीटरपर्यंत किती जागा होती? २.८७५ वजा २.४, म्हणजे ४७५. डक्ट बीमला समांतर नेला तर नेमका बसतो. बीम ओलांडायचा म्हटलं की १५० मिमी.

इथे हटकून कुणीतरी म्हणतं, "डक्ट चपटा करा ना." करता येतो, पण हिशोब करून बघा. २४ बाय १२ च्या डक्टमध्ये जेवढं घर्षण आहे तेवढंच ठेवून उंची ६ इंच केली तर रुंदी ६२ इंच होते. पत्रा ७२ इंच परिघाऐवजी १३६ इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेवढंच इन्सुलेशन, तेवढीच थंडी वाया. वर रुंद पत्रा पंख्याबरोबर डब्यासारखा वाजतो. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे नेऊ नका, हा जुना नियम उगाच नाही. शिवाय ६ इंचांवर इन्सुलेशन चढवल्यावर १५० मिमीत तो बसतच नाही, म्हणजे एवढं सगळं करून हाती काही नाही.

म्हणून मी खणाखणाप्रमाणे विचार करते. एका मोठ्या मशीनऐवजी दोन-तीन लहान, प्रत्येक आपापल्या खणात. बीम ओलांडायचं काम फक्त तांब्याच्या पाइपांनी आणि तारांनी करायचं. व्हीआरएफ, म्हणजे बाहेरच्या एका मशीनवर आतली अनेक मशीन चालवायची पद्धत, जुन्या इमारतींत एवढी चालली ती याच कारणाने: ज्या थंडीला २४ इंची डक्ट लागतो ती बोटभर जाडीच्या पाइपातून जाते.

बीमला भोक पाडणं हा शेवटचा पर्याय, आणि तो तुमचा निर्णय नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र, आधी रिबार लोकेटरने सळ्यांची खूण, भोक बीमच्या उंचीच्या मधल्या भागात, आधारापासून लांब. कॉलमच्या जवळ बीमला सर्वांत जास्त कातर बल येतं, आणि कंत्राटदाराची माणसं हटकून तिथेच ड्रिल लावतात, कारण तिथे कोपऱ्यात पाइप 'दिसत नाही'. साइटवर तुम्ही नसताना असं होऊ नये म्हणून जिथे भोक पाडायचं नाही त्या बीमवर सरळ लाल खडूने फुली मारून ठेवा.

जुन्या चौदा फुटी खोल्यांचा प्रश्न उलटा असतो. उंची भरपूर, पण लोक तिथेही फॉल्स सीलिंग टाकून ती मारून टाकतात. नका टाकू. गोल स्पायरल डक्ट उघडा लटकवा, रंग द्या. जॅक आर्च आणि सागवानी तुळया झाकायची काय हौस आहे कुणास ठाऊक. मात्र लटकवायचं कशाला ते बघा. विटांच्या कमानीत अँकर फास्टनर कधीच मारायचा नाही. लोखंडी जॉइस्टच्या खालच्या पट्टीला क्लॅम्प लावा, तोही हातोड्याने जॉइस्ट वाजवून गंज किती खोल गेलाय ते पाहिल्यावर. लाकडी मजल्यात स्क्रू तुळईत जायला हवा, वरच्या फळीत नाही. आरसीसी स्लॅबचं प्लास्टर आधी फोडून काँक्रीट वाजवा. पोकळ आवाज आला तर तिथे काही टांगू नका. शंका असेल तर एका फास्टनरची ओढ-चाचणी करून घ्या.

गच्ची

"गच्ची मोकळीच आहे, ठेवा तिथे." गच्ची माणसांनी वाळवणं घालावीत, पतंग उडवावेत म्हणून डिझाइन केलेली असते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेत. २० एचपीचं व्हीआरएफ आउटडोअर ३०० किलोच्या आसपास, आणि त्याचा तळ जेमतेम एक चौरस मीटर. शिवाय ते थरथरतं.

वजन स्लॅबवर न देता कॉलमवर द्या. खालच्या मजल्यावरून कॉलमची जागा मोजून गच्चीवर खडूने आखा, तिथे पेडेस्टल (काँक्रीटचे ठोकळे) उठवा, त्यांवर लोखंडी गर्डर टाका आणि मशीन गर्डरवर, मध्ये थरथर अडवणारे रबर किंवा स्प्रिंगचे आयसोलेटर. पेडेस्टलच्या जागी ब्रिकबॅट कोबा स्लॅबपर्यंत काढावा लागतो आणि तेवढं वॉटरप्रूफिंग नव्याने कडा वर वळवून करावं लागतं. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. कोब्यात थेट अँकर मारून स्टँड बसवलं, तर पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरावर थेंब पडतील आणि पुढची पाच वर्षं इमारतीतली प्रत्येक गळती तुमच्या नावावर लागेल.

पाइप गच्चीच्या स्लॅबमधून खाली नेणं शक्यतो टाळा. जिन्याच्या वरच्या खोलीच्या भिंतीतून आडवे आत घ्या. न्यावेच लागले तर उठलेली चौकट करून तोंड हंसाच्या मानेसारखं खाली वळवा.

आणि मशीन गच्चीवर जाणार कसं? लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याची रुंदी सगळेच मोजतात. वळणावरचा चौक आणि तिथला कठडा मोजायला विसरतात. क्रेन लावायची तर गल्लीतल्या तारा, झाड, समोरच्यांची पार्किंग. एका मोठ्याऐवजी दोन लहान मशीन घेण्याचा निर्णय मी बऱ्याचदा फक्त जिन्याच्या वळणावरून घेते. आज ज्या वाटेने मशीन चढलं त्याच वाटेने दहा-बारा वर्षांनी उतरवायचं आहे, तेव्हा ती वाट नव्या पार्टिशनने बंद करू नका.

गच्ची मिळालीच नाही की लोक मागच्या चौकाकडे वळतात. चार बाय चार फुटांच्या शाफ्टमध्ये एकावर एक सहा आउटडोअर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सर्वांत वरचं मशीन ट्रिप होतं आणि सगळे कंपनीला शिव्या घालतात. मशीनचा दोष नसतो. खालच्या पाचांनी फेकलेली गरम हवा वर येते आणि वरचं तीच पुन्हा ओढतं. थर्मामीटर दोरीला बांधून शाफ्टमध्ये सोडा, बाहेर ३६ असताना वरच्या मशीनच्या तोंडाशी किती येतं ते स्वतः वाचा. फेकलेली हवा हूड लावून शाफ्टबाहेर काढता येत नसेल तर त्या जागेत मशीन ठेवू नका. दिसू नये म्हणून पुढे दाट पट्ट्यांची जाळी लावायची आर्किटेक्टला फार हौस. पट्ट्या साधारण आडव्याच आणि मोकळी जागा ८० टक्के असेल तरच हो म्हणा.

रात्री चालणारं मशीन शेजारच्या बेडरूमच्या खिडकीपाशी नको. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बहुतेक आउटडोअर मीटरभर अंतरावर त्याच्या बरेच वर असतात. समुद्राजवळ कॉइलला गंजरोधक लेप असलेलंच मशीन मागा.

फोर्ट, चर्चगेट, ओव्हल मैदानाच्या बाजूला काम असेल तर दर्शनी भागावर आउटडोअर हा विषयच काढू नका. तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि मुंबईला वारसा नियमावली १९९५ पासून आहे. इमारत कुठल्या श्रेणीत येते ते पहिल्या दिवशीच विचारा, कारण वारसा समितीची परवानगी हा वेळापत्रकातला सर्वांत लांब रकाना असतो.

ताजी हवा, जी सगळे विसरतात

व्हीआरएफ आणि स्प्लिट खोलीतलीच हवा फिरवतात. पूर्वी लाकडी खिडक्यांच्या फटींतून हवा यायची. आपण ॲल्युमिनियमच्या घट्ट खिडक्या बसवतो आणि दुपारी तीनला अख्खं ऑफिस जांभया देतं. ॲशरे या अमेरिकेतल्या एसी इंजिनिअरांच्या संस्थेच्या ६२.१ मानकाप्रमाणे ऑफिसला माणशी ५ सीएफएम अधिक चौरस फुटाला ०.०६. बाराशे फुटांत पंधरा माणसं असतील तर ७५ अधिक ७२, म्हणजे १४७ सीएफएम. एवढ्या हवेला लहानसा डक्ट पुरतो.

पण मुंबईत ती हवा तशीच आत सोडू नका. वर सांगितलेल्या ५०० सीएफएमचा फक्त ओलावा काढायला दोन टनांच्या वर खर्च होतात. ती हवा वेगळ्या लहान मशीनमध्ये आधी कोरडी करा, आणि तेही मशीन ड्रेनच्या वर्तुळातच बसवा. हवा घेण्याचं तोंड टॉयलेटच्या शाफ्टपासून, खालच्या खाणावळीच्या धुराड्यापासून आणि जनरेटरपासून लांब. पुण्यात हवा कोरडी, तिथे हा प्रश्न सौम्य. मुंबईचं डिझाइन तसंच्या तसं उचलून पुण्यात नेणारे आणि उलट करणारे, दोघेही पस्तावतात.

भिंतीतले जुने पाइप

"पाइप आहेतच, नुसतं मशीन बदला." जुने पाइप आर-२२ या जुन्या गॅसचे. नव्या आर-४१०ए किंवा आर-३२ चा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त. आत जुनं खनिज तेल चिकटलेलं असतं, नव्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं. पाइपाची जाडी माहीत नाही, भिंतीतले सांधे दिसत नाहीत. मी नवे पाइप घालते, उघडे पण नीट ट्रंकिंगमध्ये. ब्रेझिंग करताना (पाइप तापवून जोडताना) आतून नायट्रोजन वाहता ठेवा आणि नंतर ६०० पीएसआयला चोवीस तास चाचणी. आर-३२ हलकासा ज्वलनशील आहे, त्यामुळे लहान खोलीत किती गॅस भरलेलं मशीन चालेल याला मर्यादा असते. उत्पादकाच्या पुस्तिकेतला तक्ता बघा.

लाकडी मजल्यात ब्रेझिंग करणाऱ्याच्या बाजूला अग्निशामक घेऊन दुसरा माणूस उभा हवा, आणि काम संपल्यावर त्याने तासभर तिथेच थांबायचं. तुळईतली ठिणगी उशिरा पेटते. भिंतीतून आणि मजल्यातून गेलेलं प्रत्येक भोक आगरोधक मसाल्याने बुजवा. जिन्यातून डक्ट नेऊच नका.

विजेचं थोडक्यात: दहा टन म्हणजे दहा ते बारा किलोवॅट. बिलावर मंजूर भार वाचा, मीटर केबिनमध्ये नव्या केबलला वाट आहे का ते बघा. भार वाढवायचा अर्ज मशीनच्या ऑर्डरआधी करा. जुनी रायझिंग मेन (मजल्यांवर वीज नेणारी मुख्य लाइन) अख्ख्या इमारतीची आहे, तिच्यावर हात टाकायचा तर सोसायटीचा ठराव लागतो, आणि त्याची मीटिंग गणपतीनंतरच होते.

आणि आता टन

शंभर फुटांना एक टन हे बाजारातलं गणित जुन्या इमारतीत दोन्ही बाजूंनी चुकतं. दीड फुटी दगडी भिंत दुपारची उष्णता संध्याकाळपर्यंत अडवून धरते. सहाला बंद होणाऱ्या ऑफिसला ती उष्णता जवळजवळ लागतच नाही. उलट वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्री आठपर्यंत भाजतो. तिथे टन वाढवण्याआधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, फटी बुजवा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करा. मोठं मशीन पावसाळ्यात तापमान पटकन गाठून झोपतं आणि ओलावा तसाच ठेवतं. मग फायली दमट होतात आणि लोक तापमान अठरावर लावतात.

सीलिंग बंद करण्याआधी प्रत्येक ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओता, पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून. बंद पंख्यावर घेतलेली चाचणी मी मानत नाही. पाणी नहाणीत पडताना दुसऱ्या माणसाने तिथे उभं राहून बघायचं. मग उघड्या सीलिंगचे खणाखणाने फोटो काढा, एक मीटरच्या रेषेपासूनची मापं त्यावर लिहा आणि छापील प्रत मालकाच्या फायलीत लावा. फिल्टर आणि ट्रॅपच्या खाली दोन फुटी झाकण ठेवा, स्क्रूचं नको, बिजागरीचं. आणि ट्रॅप साफ करायला टोपणाचा टी बसवा. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यात हिरवट बुळबुळीत थर साचतो, तो काढायला प्लंबरला पाइप कापावा लागू नये.